दादाचा टोला

दादा बाजारात लिलाव पुकारायचा. समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत त्याचा टोला बसलेला असे. घशाच्या शस्त्रक्रियेत आवाज गेला, तेव्हा संगणकाची कामं करणाऱ्या धाकट्या बहिणीनं त्याच्या जुन्या रेकॉर्डिंगमधून बोलणारं यंत्र जुळवून दिलं. दादा टाइप करी, यंत्र त्याच्याच आवाजात बोले. पण उशिरा! तोवर गप्पा कुठच्या कुठे गेलेल्या असत. गड्यानं हळूहळू टाइप करणंच सोडलं. जेवताना तो मान खाली घालून बसे, आणि धाकटीला ते बघवेना.

तिनं यंत्र आतून तपासलं. त्यात आठ कोअर होते, म्हणजे आठ कामकरीच. आवाजाचा तुकडा डिस्ककडे मागायचा आणि तो येईपर्यंत दुसऱ्या कामाला लागायचं, ही त्यांची रीत. तुकडा मिळाला की 'झालं' असा निरोप येई. आणि हे सगळे निरोप एकट्या पहिल्या कोअरच्या माथी! बाकीचे सात हातावर हात धरून बसलेले.

धाकटीनं निरोप आठही जणांत सारखे वाटून टाकले आणि स्वतःवरच खूश झाली. यंत्र अडखळायला लागलं.

दादानं टाइप केलं, "आधी मुका होतो, आता तोतराही केलंस."

तिला हसूही आलं आणि रडूही. सारखी वाटणी झाली की काम फत्ते, असं तिच्या धंद्यातल्या माणसांना फार लवकर वाटतं. पण निरोप जाई भलत्याच कोअरकडे, आणि त्याला बिचाऱ्याला वाक्याचा पत्ताच नसे. मागणाऱ्याला शोधून त्याच्यापर्यंत पोचवण्यातच वेळ जाई. तिनं ती वाटणी मोडली. ज्या कोअरनं तुकडा मागितला, 'झालं' त्याच्याच कानावर घालायचं, असं तिनं बांधून दिलं. कीबोर्डचे निरोप वेगळ्या कोअरकडे सोपवले.

रविवारी सगळे जेवायला बसले. धाकटीचा नवरा शर्ट ओढत म्हणाला, "माझं पोट बरंच गेलंय हं!"

दादाची बोटं हलली आणि लगेच आवाज आला, "कुणाला विकलंत, जावईबापू? मी चांगला भाव आणला असता!"

नवऱ्याचा घास हातातच राहिला. धाकटी तोंडावर हात धरून रडायलाच लागली. दादा हसायलाही थांबला नाही, त्याची बोटं पुढच्या टोल्याला लागली होती.

आईला हसता हसता ठसका लागला. डोळे पुसत ती म्हणाली, "आला बाई, आमचा वाह्यात परत आला!"