मास्तर आकडा सांगतात

मास्तरांनी गिऱ्हाइकाला टेप लावून आकडा बोलायचा आणि बाईंनी वहीत लिहायचा, असं सत्तावीस वर्षं चाललं. शिंप्याला सगळे मास्तर म्हणतात, म्हणून त्या मास्तरीणबाई. मास्तर गेले, तरी आकडे येतच राहिले. "कंबर बत्तीस. बाही तेवीस." मधल्या खोकल्यासकट, मशीनच्या डाव्या बाजूने. बाईंना त्यात वावगं वाटलं नाही. दुपारी दोनला एकटीने डबा खाताना तेवढीच सोबत.

मग मास्तर आकड्यांपलीकडचं बोलू लागले. हयातीत एवढे कधी बोलले नव्हते. "दार लावून घे, सगळे तुला हसतात." "डबा कशाला उघडतेस? कुणासाठी जगायचंय?" बाई भरलेला डबा तसाच घरी नेऊ लागल्या. झोप उडाली. सांगणार कुणाला? लोक वेड्यात काढतील, ही एक भीती. दुसरी, डॉक्टरने गोळी दिली आणि मास्तर कायमचे गप्प झाले तर? ही दुसरीच जास्त छळायची.

एका सकाळी कोपऱ्यावरच्या दवाखान्यातली सिस्टर नवा कोट घेऊन तणतणत आली.

"मास्तरीणबाई, छाती चौतीस? चौथीत असताना होती माझी!"

"चौतीसच सांगितलं होतं."

"कुणी? मी तोंडसुद्धा उघडलं नव्हतं. आणि तुम्ही टेपकडे बघतच नव्हता."

बाईंनी कोट मांडीवर घेतला. चार टाके उसवले. मग म्हणाल्या, "ह्यांनी."

सिस्टर हसली नाही. स्टूल ओढून जवळ बसली. "आणखी काय काय सांगतात?"

बाईंनी सांगितलं. शेवटचं अगदी हळू. "कालपासून म्हणतात, तूही ये आता."

"उठा. शटर ओढा. मी येते बरोबर."

"अगं, पण कोट..."

"कोट गेला खड्ड्यात!"

मानसोपचाराच्या डॉक्टरबाई बाईंपेक्षा बऱ्याच लहान होत्या. म्हणाल्या, "गेलेल्या माणसाचा आवाज पुष्कळांना ऐकू येतो. तेवढ्याने कुणी वेडं ठरत नाही. पण तो आवाज हुकूम सोडायला लागला, जेवण-झोप तोडायला लागला, मरायला बोलवायला लागला, की एक दिवसही थांबायचं नाही. कान आणि रक्तही तपासून घेऊ."

"गोळ्यांनी हे बोलायचे थांबतील?"

डॉक्टरबाईंनी थाप मारली नाही. "बहुतेक थांबतील. एक सांगा, मास्तर तुम्हाला जेवू नको म्हणाले असते?"

"डब्यात घास उरला तरी अबोला धरायचे," बाई म्हणाल्या आणि चिठ्ठीसाठी हात पुढे केला.

त्यानंतर पंधरा दिवस सिस्टर जातायेता डब्याचं झाकण उघडून बघायची.

दोन महिन्यांनी ती पुन्हा मापाला उभी राहिली. बाईंनी टेप लावून, चष्मा सरकवून नीट पाहिलं. सवयीने क्षणभर थांबल्या. मशीनच्या डाव्या बाजूला कुणी खोकलं नाही.

"अडतीस," त्या स्वतःच मोठ्याने म्हणाल्या.

"छत्तीस लिहा ना, बाई."

"गप उभी राहा."

सिस्टर गेल्यावर दोन वाजले. बाईंनी डबा उघडला. दुकानात फक्त चमच्याचा आवाज होता. त्यांनी शेवटच्या घासापर्यंत खाल्लं.