भाऊसाहेबांचा लाल कोट

चौदा नोव्हेंबरला धाकटीने लाल लोकरीचे तीन गुंडे घेतले. एकशे सत्तावीस रुपये पन्नास पैसे झाले. पर्समधून एकशे वीसच निघाले. "राहू द्या बाई, कुठे पळून जाताय," दुकानदार म्हणाला.

लोकर बोक्याच्या कोटासाठी होती. बोक्याचं नाव भाऊसाहेब. तो ताईचा, खरं म्हणजे ताईच्या यजमानांचा. यजमान गेले तेव्हा ताई एक सुटकेस आणि एक बोका घेऊन धाकट्या बहिणीकडे आली. "चार दिवस राहते," म्हणाली. उन्हाळा गेला, पावसाळा गेला, तरी सुटकेस पलंगाखाली भरलेलीच होती. ताई रोज तिच्यातून कपडे काढी आणि धुऊन, घड्या घालून पुन्हा तिच्यातच ठेवी. धाकटीने कपाटाचा वरचा कप्पा रिकामा करून ठेवला होता.

धाकटीने लग्न केलं नव्हतं. टेलिफोन ऑफिसात जन्मभर दुसऱ्यांच्या लाइनी जोडून ती निवृत्त झाली होती. घरात तिची चिंधी नावाची मांजर, खिडकीशी खुर्ची आणि खुर्चीशी लोकरीची टोपली. सकाळी घरामागच्या रानातून फेरी, दुपारी क्रोशा. हात झरझर चाले. पण काम संपत आलं की तिचं मन पुढच्या कामात जाई आणि शेवटचा टाका गाठ न मारताच राही. घरातले निम्मे रुमाल असे होते. ताई पडली शिस्तीची. "तुझं एक काम धड तडीला जाईल तर शपथ," हे ती लहानपणापासून म्हणत आली होती.

कोट झाला. पोटाखाली बटणं, गळ्याला उभी पट्टी. भाऊसाहेब आधी भिंतीकडे तोंड करून बसले. मग थंडी वाढली तसे ते कोट घालूनच झोपू लागले. चिंधी मात्र त्यांना त्या वेषात पाहून पलंगाखाली पळायची.

एका सकाळी दोघी फिरून आल्या तर मागचं दार सताड उघडं. भाऊसाहेबांचा पत्ता नाही.

"कडी कुणी लावली होती?" ताईने विचारलं.

"मी." धाकटीने कडीकडे पाहिलं. "म्हणजे... अर्धी."

हाका मारून घसे बसले. दुपारी ताई पलंगावर टेकली, पायाने सुटकेस पुढे ओढली आणि तिचं झाकण उघडलं. "त्यांचं म्हणून तेवढंच एक उरलं होतं. तो नसेल तर मी इथे तरी कशाला राहू?"

धाकटी मागच्या दारी जाऊन उभी राहिली. कुंपणाच्या तारेत काहीतरी लाल अडकलं होतं. तिने बोटाने उचललं. लोकरीचा धागा गवतातून थेट रानात शिरला होता.

"ताई! गाठ मारली नव्हती गं मी!"

"कसली गाठ?"

"कोटाची. उसवत गेलाय बघ."

ताईने चष्मा लावून धागा पाहिला. मग बूट घातले.

धाकटी धागा गुंडाळत पुढे, ताई मागे. भाऊसाहेबांची चाल काही सरळ नव्हती. ज्या झाडाला त्यांनी वळसा घातला होता, त्याला दोघींनाही घालावा लागला.

"आंधळी कोशिंबीर खेळत होता की काय मेला!" ताईने हात पुढे करून धागा ओढला.

"ओढू नकोस गं, तुटेल."

"तू मला शिकवू नकोस. आधी गाठ मारायला शिक."

"मारली असती तर आत्ता काय धरून चाललो असतो?"

थोडं पुढे गेल्यावर ताई म्हणाली, "गुंडा सैल होतोय. घट्ट गुंडाळ."

धागा वनरक्षकाच्या चौकीपाशी आला आणि दाराच्या फटीतून आत गेला. ताईने दार वाजवलं. आत शेगडीजवळ, वनरक्षकाच्या बुटांवर, भाऊसाहेब घोरत पडले होते. अंगावर कोटाची फक्त गळपट्टी शिल्लक होती.

"तुमचे का हे साहेब?" वनरक्षक म्हणाला. "सकाळी दार उघडलं तसे तडक आत. मला वाटलं, वरून तपासणीला आले. दूध घेतलं आणि झोपले. तेव्हापासून मी अनवाणी फिरतोय."

ताई खाली बसली आणि बोक्याच्या कानामागे बोट फिरवू लागली. "ऊठ," ती म्हणाली, "घरी चल. थंडी वाजेल."

रात्री भाऊसाहेब उघड्या सुटकेसमध्ये जाऊन झोपले ते सकाळी उठेनात. दुसऱ्या दिवशीही तेच. मग ताईने सगळे कपडे काढून कपाटाच्या वरच्या कप्प्यात लावले. म्हणाली, "त्याला पाय पसरता येत नाहीत."

धाकटीने त्याच लोकरीचा कोट पुन्हा विणला. वाळक्या पानांचे तुकडे मध्येमध्ये राहून गेले. शेवटच्या टाक्याशी तिने सुई खाली ठेवली, आणि चिंधीसाठी निळी लोकर बरी की हिरवी, असं विचारलं. ताईने लोंबणाऱ्या टोकाकडे पाहिलं, तोंड उघडलं आणि चहाचा कप तोंडाला लावला.

"निळी," ती म्हणाली.

लोकरवाल्याचे साडेसात रुपये अजून द्यायचे आहेत.