मावशींचा आधीचा फोटो

गुरुवारी दुपारी मावशी गेल्या. शनिवारी सकाळी कवठे महांकाळच्या चौकात त्यांच्या श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागला. पुढच्या शनिवारी, दहाव्याच्या दिवशी, त्यांचा एकमेव धड फोटो नष्ट झाल्याचे मला सांगण्यात आले. जबाबदार व्यक्ती तीन: तालुक्यातील पार्लरचालक महिलांच्या संघटनेच्या अध्यक्षा, फ्लेक्स छापणारे गृहस्थ, आणि तो फोटो पोच न घेता हवाली करणारा मी. मी न्यायालयातून ऐवज आणि पावत्या सांभाळणारा नाझर म्हणून निवृत्त झालो आहे. पोच न घेण्याची चूक माझ्या हातून आयुष्यात एकदाच झाली.

मावशींचे पार्लर आमच्या घराच्या भिंतीला लागून होते. त्या मूळच्या आटपाडीकडच्या. बालपण मेंढरांमागे गेले; हनुवटीवर एडक्याच्या धडकेचा व्रण होता, कपाळावर गोंदण होते, आणि रंग उन्हाने पक्का केलेला होता. मी वयाने मोठा, तरी साऱ्या गावासारखा त्यांना मावशीच म्हणे. आत पुरुषांना मज्जाव असल्याने मी दारातल्या बाकावर बसून त्यांचे अर्ज लिहीत असे आणि त्या पडद्याआडून मजकूर सांगत.

इतर पार्लरांत ‘आधी’ आणि ‘नंतर’ अशी फोटोंची जोडी लावतात. मावशींच्या भिंतीवर फक्त ‘आधी’ होते. येणाऱ्या प्रत्येक मुलीचा फोटो त्या खुर्चीत बसवण्यापूर्वी स्वतः काढत. आया नाराज होत. मावशी म्हणत, “नंतरचा फोटो समदं गाव काढतंय की. ह्यो कोण काढणार?” कॅमेरा सदैव त्यांच्याच हातात असल्यामुळे त्यांचा स्वतःचा फोटो पार्लरमध्ये कोणीच काढला नाही.

माझी नात पाचगणीला वसतिगृहात शिकते. एका सुट्टीत तिने मुलींसाठीच्या जपानी प्रेमकथांची इंग्रजीतली चित्रमय पुस्तके आणली, उजवीकडून डावीकडे वाचायची. बहुतेकांत गोष्ट एकच: चष्मेवाली, गबाळी मुलगी, कोणीतरी तिचा चष्मा काढतो, केस कापतो, नवा झगा घालतो, वर्गातला देखणा मुलगा थक्क होतो. नातीकडून हे ऐकून मी संतापलो आणि शाळेला तक्रारअर्ज लिहिला. मावशींनी विचारले, “आवं साहेब, तुमी पुस्तक बघितलंसा का?” मी म्हणालो, नाही. “पुरावा न बघताच निकाल? कोर्टात असंच चालायचं व्हय?” अर्ज मी फाडला.

त्यानंतर ती पुस्तके पार्लरमध्येच राहिली. मावशींना इंग्रजी येत नव्हते. नात मराठीत सांगे आणि त्या चित्रे पाहत. त्यांचे शेरे मला बाकावर ऐकू येत. “चष्मा काढला, मग तिला दिसतंय कसं गं? खांबाला धडकंल की!” एकदा मात्र त्या पुस्तक घेऊन बाहेर आल्या. एक बोट बदलाच्या पानावर, दुसरे त्याच्या आधीच्या पानावर. “बघा साहेब. चितारणारीनं क्यास बदललं, कापडं बदलली. डोळं त्येच ठेवल्यात. पोरगी पयल्यापासनं देखणीच हुती. त्ये पोरगंच आंधळं.” इतके नेमके निकालपत्र मी नोकरीत वाचले नाही.

एकदा एक आई मुलीला घेऊन आली. दुसऱ्या दिवशी पाहुणे बघायला येणार होते. “वळखू येऊ नये अशी करा बघा मावशी.” मावशी म्हणाल्या, “मग हिला कशाला बसवताय? दुसरीच पाठवा की!” मुलगी आधी हसली आणि मग रडली. मावशींनी तिचे केस धुऊन दिले, चष्मा पुसून परत नाकावर ठेवला आणि सांगितले, “लय झालं. उद्या त्याला नीट बघून घे.”

पुढे मावशींना कावीळ झाली आणि पंधरा दिवसांत सारे संपले. संघटनेच्या अध्यक्षा फ्लेक्ससाठी फोटो मागायला आल्या. आधार कार्डावर नुसता काळा डाग होता. दुकानाच्या परवान्यासाठी मीच आग्रहाने काढवलेला एक फोटो माझ्या फाइलमध्ये होता: गोंदण, व्रण, आणि फोटोग्राफरवर वैतागलेले डोळे. तो मी दिला.

शनिवारी, बातमी ऐकून पाचगणीहून आलेल्या नातीला घेऊन चौकात गेलो. फ्लेक्सवर एक गोरी, गुलाबी ओठांची बाई होती. गोंदण नाही, व्रण नाही. डोळेसुद्धा मोठे आणि घारे केलेले. खाली माणसे हात जोडून उभी होती. नातीने विचारले, “आजोबा, ह्या कोण?”

मूळ फोटो परत मिळावा म्हणून मी फ्लेक्सवाल्यांकडे आठवडाभर खेटे घातले. दहाव्याला ते म्हणाले, “काका, अध्यक्षाताई म्हणाल्या जरा उजळ करा, म्हणून केलं. वरिजनल आमी ठेवत न्हाई. स्कॅन झालं की कचऱ्यात, आन् त्या स्कॅनवरच उजळ करून टाकलंय.” मी त्यांच्या दुकानामागचा कचरा काठीने उपसून पाहिला. तो चार दिवसांपूर्वीच जाळलेला होता.

आता मावशींचा चेहरा फक्त आम्हा काही जणांच्या आठवणीत आहे. माझे वय पाहता तो पुरावा फार काळ टिकणारा नाही. रोज सकाळी मी तो आठवून पाहतो. काल व्रण हनुवटीच्या कोणत्या बाजूला होता, ते क्षणभर आठवेना.

अध्यक्षाबाई, नवा फ्लेक्स मला नको, दिलगिरीही नको. ज्या खांबाला तुम्ही ती परकी बाई टांगलीत, त्याच्याखाली गावासमोर उभ्या राहा आणि एवढेच सांगा: मावशी होत्या तशा तुम्हाला का चालल्या नाहीत? उत्तर लेखी नको. मोठ्याने हवे.