दोन कपाटांमधला माणूस

आमच्या वाचनालयातल्या सावंतबाई स्टुलावर उभ्या होत्या आणि त्यांच्या हातात एकाच इंग्रज लेखकाची दोन पुस्तकं होती, एक कथांचं, एक समीक्षेचं.

"सर, माणूस एकच आहे ना? मग एकाच कपाटात ठेवू का?"

दोन्ही पुस्तकांच्या मागे फोटो तोच, चार ओळींची हकिकतही तीच: लहान गावात जन्म, जन्मभर कथा, दर आठवड्याला एक परीक्षण. पण कथांमध्ये हा माणूस नवऱ्याशी खोटं बोलणाऱ्या बाईलाही समजून घेतो, आणि परीक्षणात एखादं जास्तीचं विशेषणसुद्धा माफ करत नाही. दोघं एकाच टेबलाशी कसे बसत असतील, कोण जाणे.

माझ्याही पिशवीत मी लिहिलेलं एक परीक्षण होतं, मित्राच्या पहिल्या कथासंग्रहावरचं. त्यातल्या एका वाक्यावर मी फार खूश होतो. ते छापून आलं की मित्र माझ्या घराची पायरी चढणार नाही, हेही कळत होतं. वाक्य चुकीचं नव्हतं. मित्रही वाईट माणूस नाही. मग चुकतंय कोण, हे काही केल्या उमजेना.

"ठेवा तुम्हाला वाटेल तिथे," मी म्हणालो.

बाईंनी सवयीने पुस्तकांच्या मागच्या चिठ्ठ्या पाहिल्या. कथांच्या चिठ्ठीवर शिक्क्यांना जागा उरली नव्हती. समीक्षेच्या चिठ्ठीवर चारच शिक्के, आणि चारही वेळा माझा सभासद क्रमांक.

"हे तुमच्याशिवाय कुणी नेलंच नाही हो," त्या म्हणाल्या. "तुमच्या घरीच ठेवता का?"