रेवणप्पाची काचेची पन्हळ

गप्प माणसाचा मला पहिल्यापासून राग. रेवणप्पा तर बारा वर्षं गिरणीच्या पंपावर होता आणि बारा वाक्यंही बोलला नसेल. मूळचा मंद्रूपचा. जेवणाच्या सुट्टीत एकटाच हौदाकाठी बसून पाण्यातले भोवरे बघायचा. असल्या माणसाच्या मनात काय शिजतंय, कोण सांगणार? मी हजेरी कारकून; संशय घेणं हेच आपलं काम, असं मी समजत असे.

एकतीस साली पंपाचा पंखा उघडला, तर प्रत्येक पातं एकाच बाजूनं खरवडलेलं निघालं. आदल्या साली शहरात सरकारविरुद्ध एवढी धामधूम झालेली, त्यामुळे घातपाताचा संशय आलाच. साहेब म्हणाले, "कुणीतरी कानस मारलीय. रेवणप्पाच असणार."

रेवणप्पा म्हणाला, "कानस न्हाय, पाणीच खातंय. फिरत्या पात्याच्या एका अंगाला पाणी खवळतंय, दुसऱ्या अंगाला निवांत असतंय. घरी या, दावतो." खोटं ठरलं तर नोकरी जाणार होती.

साहेबांनी मला धाडलं. त्यानं जात्यावर दोन काचांची अरुंद पन्हळ मेणानं चिकटवली होती. पात्याची खरवडलेली बाजू दाखवणाऱ्या काचेला शेंदूर लावला होता. तो मधोमध पाणी आणि नीळ सोडणार, बायको मल्लव्वा जातं फिरवणार; शेंदराच्या काचेशी निळीची रेघ विस्कटली, तर तो खरा. "येकट्यानं चारदा करून बघितलंय," तो म्हणाला. बघितलं असशील, मी मनात म्हटलं.

जातं फिरलं. शेंदराच्या काचेशी निळीची रेघ सरळ राहिली. समोरच्या काचेशी मात्र पार विस्कटली. रेवणप्पाचं तोंड उतरलं. चोर सापडला म्हणून मला, खरं सांगतो, आनंद झाला. त्याच दिवशी मी अहवाल दिला, दुसऱ्या दिवशी त्याला काढलं.

चौथ्या दिवशी मल्लव्वा गिरणीच्या फाटकाशी आली. "ह्ये काय बोलायचे न्हाईत, म्हणून म्या आले. चूक माजी हाय. येकटे करायचे तवा ह्ये पंपावानी उलटं फिरवायचे. म्या दळताना फिरवते तसं सुलटं फिरवलं. बाईमाणूस जातं उलटं फिरवतंय व्हय? ह्यांचं ध्यान निळीकडं. पंपाकडं जाऊन बघा की."

मी गेलो. पंपाच्या अंगावर दिशेचा बाण होता, जात्याच्या नेमका उलटा. म्हणजे जातं पंपासारखं फिरलं असतं, तर शेंदराच्याच काचेशी रेघ विस्कटली असती.

साहेबांना सांगितलं. रेवणप्पाच्या जागी होटगीचा नवा फिटर एव्हाना कामाला लागला होता. साहेब म्हणाले, "बाण तेव्हाच का नाही पाहिलात?"

रेवणप्पा लबाड आहे, हे मी त्याच्या घरी जाण्याआधीच ठरवून टाकलं होतं. साहेबांना मी एवढंच म्हणालो, "राहून गेलं."