गुळाच्या पारड्यातले जाते

स्त्रीचे शरीर हा राष्ट्राचा पाया आहे, असे नागपूरहून अमरावतीला येणारे व्याख्याते त्या काळी टेबलावर मूठ आपटून सांगत. आमच्या घरी हा पाया जरा जास्तच भक्कम झाला होता.

तिसऱ्या बाळंतपणानंतर मी जी सुटले ती सुटलेच. तीन पायऱ्या चढले की धाप लागे. गुडघे रात्रंदिवस कुरकुरत. पण खरे दुखणे वेगळेच होते. एका हळदीकुंकवाला कोणीतरी मला पाहून म्हणाले, "दोन पाट मांडा व!" सगळ्याजणी हसल्या. मीही हसले आणि घरी येऊन आरसा भिंतीकडे तोंड करून ठेवला. पुढे दोन वर्षे मी कुठल्याच हळदीकुंकवाला गेले नाही.

त्यातच मला नवस आठवला. धाकटा तापाने फणफणला होता, तेव्हा मी अकोल्याच्या, म्हणजे माहेरच्या, देवीला बोलले होते, "पोर उठू दे, माझ्या वजनाइतका गूळ वाटीन." पोर उठले, झाडावरही चढू लागले. आता साऱ्या गावासमोर तराजूत बसायचे होते मला!

डॉक्टर म्हणाले, "खाणे कमी करा, चाला." चालायचे म्हणजे लोकांना दिसायचे. म्हणून मी उपवास धरले. सोमवार, गुरुवार, शनिवार, शिवाय एकादशी आणि चतुर्थी. सासूबाईंना धन्य वाटले! त्या स्वतः वाढायला बसत.

"आई, भगर पुरे."

"उपाशी हायेस तू! शिंगाड्याचा शिरा घे. अन तूप घे, नाहीतर चक्कर येईन."

(जेवणाच्या दिवशी मी दोन भाकरी खात असे. उपवासाच्या दिवशी काय खात असे, ते देवीलाच ठाऊक.)

दोन महिन्यांत चोळ्या उसवाव्या लागल्या. शेवटी मी दादाला, म्हणजे अकोल्याच्या भावाला, लिहिले, "काहीतरी कर, नाहीतर मी विहीर जवळ करते."

दादाने केले. त्याने सरकी काढायच्या कारखान्यातला, म्हणजे जिनातला, कापसाचा मोठा काटा आणून देवळासमोरच्या चिंचेला टांगला आणि गुळाच्या पारड्यात, तरटाखाली, घरचे जाते दडवले.

नवसाच्या दिवशी सासूबाईंसह आम्ही सारे अकोल्याला गेलो आणि मी पारड्यात बसले. दादाने दुसऱ्यात गुळाची एकेक भेली टाकायला सुरुवात केली. मोजक्याच भेल्या पडल्या आणि मी भुर्रकन वर!

मग सासूबाईंनी हंबरडा फोडला. "अवं माय! सून पोकळ झाली! उपासानं आतून खाल्ली पोरीले!"

"क्षय तं नाही ना?" गर्दीतून कोणी विचारले. पुढच्या बायका दोन पावले मागे सरल्या. आमचे हे पांढरेफटक पडले आणि मला खाली उतरवायला धावले. (ते त्यांच्याने झाले नाही.)

तेवढ्यात गोदामाय पुढे आली. ही माहेरी दारावर भाजी विकणारी माळीण, तिने मला अंगाखांद्यावर खेळवलेले. "तीस वर्सं वांगे तोलून राहिली मी," ती म्हणाली. "काटा रिकामा होता तवाच हा पल्ला झुकला होता." आणि तिने तरट उचलले.

"आमचं जातं!" वहिनी ओरडली. "अन सकायपासून ज्वारी घेऊन बसली मी, जातं कुठी गेलं म्हनून!"

दादा चिंचेकडे पाहू लागला. मी पारड्यातच तोंड पदरात लपवले. "मीच सांगितलं होतं त्याले," मी म्हणाले. "लोक हसतात मले, गोदामाय."

"हसू दे. मले एक सांग. पोरगा अर्धा बरा झाला का पुरा?"

"पुरा."

"मंग बस पुरी!"

जाते निघाले. भेल्या पडू लागल्या. आणलेला गूळ संपला, पण मी जमिनीवरच. गाडी जुंपून बाजारातून आणखी आणला. आता प्रत्येक भेलीला लोक टाळ्या पिटू लागले, कारण माझे वजन म्हणजे त्यांचा प्रसाद! अखेर माझे पारडे उचलले तेव्हा एक म्हातारा म्हणाला, "नवस असावा तं असा! मागच्या नवसाच्या बाईनं निस्ती जीभ ओली केली होती." मला हसू फुटले, आणि ते आवरेना. दोन वर्षांनी मी लोकांत बसून हसत होते.

परतीच्या आगगाडीत मी ह्यांना गंभीरपणे सांगितले, "उपवास बंद. उद्यापासून रोज चालायचं, सगळ्यांसमोर. आणि जिभेवर ताबा."

ओटीत गोदामायने घातलेला शेरभर गूळ होता. प्रसादाला नाही म्हणू नये. अमरावतीसाठी बडनेऱ्याला उतरलो तेव्हा तो संपला होता.