पद्माकाकूंचा बांबू

पद्माकाकू रागावल्या की त्यांचा आवाज चढत नाही, उतरतो. ओरडणारी माणसं काशीच्या पंचगंगा घाटावर पुष्कळ आहेत, त्यांना कोणी भीत नाही. काकू एकेक शब्द सुटा करतात, तांदळातून खडे काढावेत तसा. "बाळ, तुला, घरी, कोणी, शिकवलं, नाही, का?" एवढं ऐकलं की भाजीवाला न मागता कोथिंबीर घालतो.

मुलींच्या शाळेत गणित शिकवून त्या निवृत्त झाल्या. गॅसच्या फोनवरची "कृपया प्रतीक्षा करें" म्हणणारी बाई, जिन्यात चपला काढणारे भाडेकरू, सगळ्यांवर त्यांचा राग आहे. सगळ्यात जास्त नवऱ्यावर, नीलकंठकाकांवर, कारण ते न सांगता गेले. काका रेल्वेत कारकून. ऑफिसातून आले की गिटार मांडीवर आडवी घ्यायचे आणि तारांवरून लोखंडी नळी सरकवायचे. "पद्मा, याला ब्लूज़ म्हणतात. कापसाच्या शेतात राबलेल्या माणसांचं दुःख आहे यात." आतून काकू म्हणायच्या, "ते मांजर गप्प करा आणि गवार मोडायला या. इथेही माणसं राबतायत."

कार्तिकात आमच्या घाटावर, गेलेल्या माणसांसाठी उंच बांबूच्या टोकाला टोपलीत दिवा टांगतात. रोज अंधार पडायच्या आत दोरीने टोपली खाली घ्यायची, तेल-वात करायची, पुन्हा वर चढवायची. पौर्णिमेपर्यंत खाडा करायचा नाही. काका गेल्यापासून काकूंनी एकही संध्याकाळ चुकवलेली नाही. दोरी ओढताना त्या वर बघून काकांना झापतात. "गच्चीची किल्ली कुठे ठेवलीत ते सांगून जायला काय झालं होतं?"

या कार्तिकात घाटावर गिटारचा महोत्सव आला. भिंतीभिंतीवर कागद: ब्लूज़ की शाम, खुले आसमान के नीचे, बिल्कुल मुफ़्त. भरवणारा ऋतुराज, शेजारच्या ब्रह्मा घाटावरचाच, आता बंगलोरला असतो. तो आधी मराठी बोलतो, मग दम लागल्यासारखा हिंदीत जातो आणि शेवटी इंग्रजीत जाऊन बसतो. "काकू, सगळ्यांसाठी आहे. मतलब, पब्लिक के लिए. टोटली फ्री, यू नो."

संध्याकाळी काकू तेलाची बाटली घेऊन उतरल्या, तर बांबू जागेवर नव्हता. जिथे तो रोवलेला असायचा त्या खड्ड्यावर मंचाची फळी ठोकली होती.

काळ्या टी-शर्टातला एक मुलगा आडवा आला. "माताजी, उधर से जाइए. इधर वीआईपी है."

"माझा बांबू कुठे आहे?"

"कौन सा बंबू, माताजी?"

बांबू समोरच होता. पांढरे अभ्रे घातलेले सोफे एका बाजूला, पायऱ्यांवर खेटून बसलेली माणसं दुसऱ्या बाजूला, आणि मधे दोन ड्रमांवर आडवा टाकलेला काकांचा बांबू. टोपली ड्रमाशी पडली होती. तिच्यात कोणीतरी चहाचे कागदी कप टाकले होते.

ऋतुराज धावत आला. "काकू, सॉरी, कॅमेऱ्याच्या मधे येत होता. कल पक्का लगवा देंगे."

"उद्या." काकूंचा आवाज उतरला. "ऋत्या, आजचा दिवा, उद्या, लागतो, का?"

"काकू, प्लीज़, गेस्ट आलेत."

"ज्या माणसाने जन्मभर हेच वाजवून माझं डोकं उठवलं, त्याचा बांबू काढून तू त्याचंच गाणं लावतोस? आणि फुकट म्हणतोस? फुकट आहे तर हे कुंपण कोणासाठी?"

पायऱ्यांवरून एक नाववाला म्हणाला, "ठीक त कहत हईं." बाकीचे हसले. मंचावर गिटारवाला तार जुळवायचं थांबला. पलीकडच्या काठावर उजेड संपत आला होता.

काकूंनी कप काढून टोपली पदराने पुसली. मग बांबूचं एक टोक धरलं आणि ओढलं. ड्रम गडगडत पायऱ्यांवरून खाली गेला. कुंपण गेल्यावर पायऱ्यांवरची माणसं उठली आणि शांतपणे सोफ्यांवर जाऊन बसली. एक दूधवाला कॅन मांडीवर घेऊन मधोमध बसला. काळा टी-शर्ट "अरे भइया, अरे भइया" करत राहिला.

बांबू रोवणार कुठे? खड्ड्यावर फळी होती. काकूंनी ऋतुराजकडे पाहिलं.

"तू धर."

"मी? काकू, माझा शो आहे."

"मुंजीत भोकाड पसरलंस तेव्हा तुला कोणी धरलं होतं? काकांनी. धर."

त्याने धरला. काकूंनी वात लावली, टोपली वर चढवली आणि दोरी त्याच्याच मनगटाला गुंडाळली. अंधार पडायला थोडाच अवकाश होता, पण दिवा लागला होता. काकूंनी मंचाकडे बोट केलं. "वाजव आता. नीट वाजव. काका वरून चुका काढतात."

गिटारवाल्याला मराठी येत नव्हतं, तरी तो लगेच वाजवू लागला. नळी तारेवरून सरकली, ते मांजर ओरडलं. काकू पायरीवर ताठ बसून मंचाकडे रागाने बघत राहिल्या. कॅमेऱ्याच्या ऐन मधे ऋतुराज बांबू धरून उभा होता.

तिसऱ्या गाण्याला तो वाकून म्हणाला, "काकू, हात भरून आला. थोडं टेकू का?"

"दिवा जळतोय?"

"हो."

"मग सरळ उभा राहा."